डाळिंबाच्या नावाचा खडा

सकाळी पुण्याहून नाशिकला निघालो, तेव्हा माझ्या वडिलांना, अण्णांना, समोर उभ्या असलेल्या एसटीची पाटी वाचता येत नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. ज्योतिषी म्हणाले, सूर्य बिघडलाय, आधी लाल खडा घाला, तोही गोदावरीत धुऊन. अण्णांनी अर्थातच ज्योतिष्यांचं ऐकलं. त्यांच्याकडे सुरी नव्हती.

सराफ बाजारात माणकाची किंमत ऐकताच अण्णांचा सूर्य एकदम समजूतदार झाला आणि गार्नेट नावाच्या स्वस्तातल्या लाल खड्यावर राजी झाला. दुकानदार म्हणाले, "याचं नाव जुन्या लॅटिनमधल्या डाळिंबाच्या नावावरून आलंय, काका. बघा, हुबेहूब दाणा!"

त्यांनी खडा पुडीत बांधला. "तीन रात्री उशाशी ठेवा. वाईट स्वप्नं पडली तर परत आणा."

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे अशी सोय नसते, हे मात्र खरं.

नदीकडे उतरताना एक मावशी टोपली घेऊन बसल्या होत्या. "सटाणानं डाळिंब शे (सटाण्याचं डाळिंब आहे)!" त्या ओरडत होत्या. अण्णांना लगेच खडा आणि दाणा ताडून बघायची हुक्की आली. मावशींनी डाळिंब फोडून दाणे त्यांच्या ओंजळीत घातले. तशाच हातांनी अण्णा पुडी सोडायला गेले, आणि दाण्यांसकट खडा खाली सांडला.

मी वाकले. "थांब, मला दिसतंय," अण्णा म्हणाले. चाचपडत त्यांनी एक लाल कण उचलला, भक्तिभावाने कपाळाला लावला आणि पुडीत घट्ट बांधला.

"बाबा, त्यो दाणा हाय," मावशी हळूच म्हणाल्या. "खडा तुमच्या चपलेपाशी पडलाय."

पुडीतून रस झिरपत होता. अण्णा तो बोटाने पुसत राहिले. सकाळपासून मनात हसत होते मी. आता मला रडू येत होतं.

खडा धुतला. परतीच्या गाडीत सिन्नर आलं. अण्णा म्हणाले, "डॉक्टरांची तारीख घे. लवकरातली लवकर."

दोन्ही ऑपरेशनं झाली. आता अण्णा पेपरातल्या बारीक जाहिरातीही वाचतात आणि येईल त्याला त्या खड्याची अंगठी दाखवून सांगतात, "खड्याचा गुण!" मी वाद घालत नाही. त्या दिवशी तो खडा पडला नसता, तर अण्णा अजून उशाशी पुडी ठेवून स्वप्नांची वाट बघत बसले असते.

परवा त्यांनी डाळिंब सोललं, एक दाणा अंगठीशेजारी धरला आणि बराच वेळ निरखला.

"कुठे सारखे दिसतात गं?" ते म्हणाले. "त्या सराफाचे डोळे तपासून घ्यायला हवेत."