तीन वाक्यांचा वसंता

लॉस एंजलिसच्या आमच्या नाटक ग्रुपमध्ये तालमीनंतर चहा आला, की वसंताचा एखादा नवा किस्सा निघतोच. नाटकात हीरो कायम मी. पण माझा किस्सा कोणी सांगत नाही.

सुरुवात माझ्यामुळेच झाली. रिटायर झाल्यावर मी एका सीरियलच्या ऑडिशनला गेलो. डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून वसंताने ड्राइव्ह केलं. मी आत मोठं स्वगत म्हणून बाहेर आलो, तर कास्टिंगवाली बाई बाकावर डुलक्या घेणाऱ्या वसंताकडे बघत उभी! दुकानदाराचा रोल त्याला मिळाला. परतताना तो रस्ताभर मला सॉरी म्हणत होता. त्याचाच जास्त राग आला.

*

मग टॅक्सीवाला, वेटर, पुजारी. प्रत्येकाला फार तर तीन वाक्यं. पहिल्या सिनेमात तो हीरोच्या आधीच मेला. थिएटरमध्ये मी बायकोच्या कानाशी म्हणालो, की ओव्हरॲक्टिंग करतोय. सुनंदा डोळे पुसत म्हणाली, "अहो, तो मेलाय. आता तरी सोडा त्याला."

*

लोकांना त्याचा चेहरा आठवतो, नाव नाही. ग्रोसरीच्या दुकानात एका अमेरिकन आजोबांनी त्याला जुना शेजारी समजून मिठी मारली. वसंताने त्यांच्या कुत्र्याचीसुद्धा चौकशी केली. मी शेजारीच उभा होतो. जाताना आजोबांनी आपली रिकामी ट्रॉली माझ्या हातात दिली.

*

गेल्या गणपतीतल्या नाटकात त्याच्या वाट्याला नोकर आला, एकही वाक्य नसलेला. तो टेबलावर चहाचा कप ठेवून आत गेला. मग माझं स्वगत सुरू झालं, आणि प्रेक्षक त्या कपाकडे बघत राहिले.

*

अलीकडे त्याला डॉक्टरचे रोल मिळतात. यंदा माझी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा घरी न्यायला तोच आला होता. माझी व्हीलचेअर ढकलत तो वेटिंग रूमपाशी आला. तिथे एक अमेरिकन बाई एकटीच बसली होती. नवरा आत ऑपरेशन थिएटरमध्ये. वसंताला बघून ती उठली आणि नवरा वाचेल ना, असं विचारू लागली. मी डॉक्टर नाही, फक्त टीव्हीवर काम करतो, असं त्याने हळूच सांगितलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मी बघितलंय तुम्हाला. तरी सांगा."

वसंताने माझ्या खुर्चीला ब्रेक लावला. तिच्या शेजारी जाऊन बसला, तिचा हात हातात घेतला, आणि बोलायच्या आधी थांबला.

तेवढं थांबणं मला अजून जमलेलं नाही.