तंजावूरला मराठीत कुजबुजू नका

लोक हौसेनं फिरतात, मी बिलं जपत फिरतो. गुप्त ग्राहकाचं काम असं असतं: हॉटेलात साध्या गिऱ्हाइकासारखं जायचं, खायचं आणि तिथली सेवा कशी आहे ते कंपनीला गुपचूप कळवायचं. बदल्यात प्रवास, लॉज आणि जेवणाचा खर्च परत मिळतो. बारावीत दोनदा अडकलेल्या आणि झेरॉक्सच्या दुकानात काम करणाऱ्या माणसाला एवढ्यावर तंजावूर दिसणार असेल, तर त्यानं नाही का म्हणावं? अट एकच, आपण कोण ते तिथं कुणाला कळता कामा नये. कळलं तर छदामही मिळत नाही, म्हणजे खिशातून आधीच घातलेला माझा महिन्याचा पगार गेलाच.

पुण्याहून चेन्नई आणि तिथून दुसऱ्या गाडीनं तंजावूर. लॉज स्टेशनजवळच घ्या, मोठं देऊळ तिथून चालत जाण्याजोगं आहे. देवळात मात्र सकाळीच जा. मी दुपारी गेलो आणि तापलेल्या फरशीवरून नंदीपर्यंत इतक्या वेगानं पोचलो, की एका आजोबांनी मला भक्त समजून हात जोडले. देवळाच्या भिंतीवर मराठी शिलालेख आहे. मी त्याचा फोटो काढला, पण त्यातून काहीच बोध घेतला नाही.

मग कामाचं हॉटेल. (नाव सांगता येत नाही, पण रवा डोसा जरूर खा.) माझी पद्धत अशी, की फोन कानाला लावायचा आणि बहिणीशी बोलल्यासारखं सगळं रेकॉर्ड करायचं. तमिळ मुलखात मराठी कुणाला कळणार?

“टेबल स्वच्छ,” मी कुजबुजलो. “काउंटरवरची मुलगी पंचविशीच्या आतली. बोलणं नम्र. नखं स्वच्छ, केस नीट बांधलेले. हसत मात्र नाही.”

“लाजते ती. दात चांगले आहेत,” मागून आवाज आला.

मॅनेजर होते. ते सरळ माझ्यासमोर येऊन बसले. मी फोन खिशात टाकला.

“तुम्हाला मराठी येतं?”

“अम्ही मराठीच, राजांच्या काळापासून इथलेच! कोटून आलांत? पुण्याहून? अय्यो, पोरगी पाहायला एवढं दूर आलांत, आधी एक फोन करायचा की नाही? काउंटरवरची ती वैदेही, मी तिचा मामा.”

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. खरं सांगून पगार घालवायचा, नाहीतर नवरदेव व्हायचं.

“अचानकच ठरलं,” मी म्हणालो.

संध्याकाळी राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांच्या घरी बोलावणं आलं. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मोसंबी आणि मोगरा घेतला. मामींनी कॉफी दिली. तंजावूरची कॉफी पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतत गार करतात. माझा हात इतका थरथरत होता, की ओतावी लागलीच नाही.

मामी आत गेल्या, मामा फोन घ्यायला बाहेर गेले. वैदेही पुढे झुकली.

“फोनवर मज मार्क देत होतांत कां?”

“छे, छे!”

“मज लग्न नोको. बँकेची परीक्षा आहे. तुम्हीच नाही म्हणा.”

“पण कारण काय सांगू?”

“कारणही मीच देऊ? मामा गोत्र विचारेल. कौशिक म्हणा. माझं तेच आहे.”

मामा आले आणि खरंच म्हणाले, “गोत्र कोणचं?”

“कौशिक,” मी स्वच्छ उच्चारात सांगितलं. आमचं गोत्र मला ठाऊकच नव्हतं.

मामांनी पेला खाली ठेवला. “नक्की?”

“अगदी.”

“मग हे तर भाऊबहीण!” दारात आलेल्या मामींनी कपाळावर हात मारला. वैदेहीनं मान खाली घातली आणि दिवसभरात पहिल्यांदा हसली. कामाच्या वेळेबाहेर हसली, म्हणून ते अहवालात धरता आलं नाही. मामांनी मात्र निघताना मुरुक्कूची, म्हणजे तिकडच्या चकल्यांची, पिशवी माझ्या हातात कोंबली. “जावई नाही तर नाही, भाचा तर झालांत!”

परतीच्या गाडीत अहवाल भरला. कर्मचाऱ्यांनी आपल्याला ओळखलं का? नवरदेव म्हणून ओळखलं, तपासनीस म्हणून नाही. लिहिलं, नाही. शेवटचा प्रश्न वाचून घाम फुटला: तिथं तुमचं कुणी नातेवाईक काम करतं का? पण गोत्रच खोटं, तर नातंही खोटं. तिथंही प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहिलं. पुण्यात आल्यावर पैसे जमा झाले. मोसंबी आणि मोगरा कुठल्या रकान्यात घालावा ते न कळल्यानं मी ते मागितलेच नाहीत.

त्या संध्याकाळी आई पोळ्या लाटत होती. मी मुरुक्कू खाता खाता सहज विचारलं, “आपलं गोत्र कोणतं गं?”

“कौशिक. का रे?”

म्हणजे अहवाल चुकला होता! कळवलं तर सगळा खर्च परत करावा लागणार आणि नाही कळवलं तर मला झोप येणार नाही. शेवटी मी आईलाच विचारलं, “एकाच गोत्राची मुलगी कागदोपत्री नातेवाईक धरतात का?”

आईनं गॅस बंद केला, पोळपाट बाजूला सारला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“कोणती मुलगी?”