आमच्या जाऊबाई आणि गॅस

आमच्या या परदेशातल्या गिरावीन उपनगरात कुणाच्याही घरी गॅस गळायचा असेल, तर त्याला आधी आमच्या थोरल्या जाऊबाईंची गाठ घ्यावी लागते. दुसरा रस्ता त्यांनी त्याला ठेवलेलाच नाही. आणि यातली खरी गंमत अशी, की जाऊबाईंना वासच येत नाही. कोव्हिडमध्ये गेला तो गेलाच. बाकीच्यांचा हळूहळू परत आला. जाऊबाई मात्र डॉक्टर बदलत राहिल्या, रोज सकाळी डोळे मिटून लवंगा आणि लिंबाची साल नाकाशी धरून बसत राहिल्या, आणि एक दिवस त्या लवंगा त्यांनी मुकाट्याने मसाल्याच्या डब्यात टाकून दिल्या. आधी हीच बाई फाटकात उभी राहून सांगायची, की आत आमटीत हिंग जास्त झालाय. त्यानंतर एका संध्याकाळी शेगडीचं बटण अर्धवट फिरलेलं राहिलं आणि त्या त्याच ओट्यापाशी निवांत भाजी निवडत उभ्या राहिल्या. भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, कामावरून आले आणि दारातूनच ओरडले. काही झालं नाही. पण त्या दिवसापासून जाऊबाईंनी आपल्या नाकाच्या जागी सगळ्या गल्लीची नाकं कामाला लावली.

त्यांच्या घरी गेलं की 'या, बसा' नंतर. आधी दारातच, एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत, प्रश्न येतो, "वास येतोय का?" भाऊजींना सर्दी झाली की त्यांची साक्ष ग्राह्य धरली जात नाही. त्यांची मुलगी वर अभ्यास करत असली तरी तिला खाली बोलावलं जातं आणि ती जिन्यातूनच "नो, आई! नथिंग!" म्हणून परत फिरते. एकदा भाऊजींचे ऑफिसमधले एक दिल्लीकर मित्र जेवायला आले. दारातच विचारणा झाल्यावर ते बिचारे सौजन्याने म्हणाले, "अरे वा, भाभीजी, क्या खुशबू है!" जाऊबाई त्यांना ओलांडून पावसात बाहेर धावल्या आणि गॅसच्या मीटरचा कॉक बंद करून आल्या. बिर्याणी अर्धी कच्ची राहिली. शेवटी जवळच्या वेंटवर्थव्हिलहून डोसे आणून पाहुण्यांना वाढले. जाऊबाईंना त्याचं वाईट वाटलं नाही. "जेवण काय, परत होतं," एवढंच म्हणाल्या.

बुद्धपौर्णिमेला आमच्या मंडळींचा कार्यक्रम हॉलमध्ये असतो. शेजारी स्वयंपाकघर असतं, तिथे मोठ्या शेगडीवर खीर होते. मेणबत्ती लावायला पाहुणे पुढे झाले, काडी हातात, आणि मागून जाऊबाईंचा आवाज, "एक मिनिट!" सगळ्या सभेने उभ्याउभ्या श्वास ओढला, वास कुणालाच आला नाही, मग वंदना सुरू झाली. बागेत बार्बेक्यू असला की त्यांच्या पिशवीत साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली असते. पेटवण्याआधी सिलिंडरच्या नळीवर त्या पाणी मारतात आणि वाकून बघत बसतात. लोक हसायचे. एकदा मात्र जोडाजवळ बुडबुडे फुगायला लागले, आणि यजमानांनी आपली कोळंबी परत डब्यात भरली. गृहप्रवेश असो, लग्न असो, बारसं असो, जाऊबाईंचा आहेर ठरलेला: कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, रंगीत कागदात, वर रिबन लावून. एका नवरीने तो मिठाईचा डबा समजून आनंदाने उघडला होता. "साडी कपाटात झोपून राहते," जाऊबाई म्हणाल्या, "हा जागा राहतो."

त्यांचा सगळ्यात अवघड विद्यार्थी म्हणजे शेजारचा रॉन. ऐंशीच्या घरातला, एकटा राहणारा, आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस. जाऊबाई कुंपणावरून दर हिवाळ्यात विचारायच्या, गॅस हीटर तपासून घेतलास का. तो म्हणायचा, "नो वरीज, लव्ह," आणि विषय संपायचा. शेवटी जाऊबाईंनीच गॅसदुरुस्तीचा माणूस बोलावला. त्याने हीटर उघडला, आतली काजळी बघितली आणि तिथल्या तिथे गॅस तोडून वर लाल चिठ्ठी लावून गेला. रॉन दोन दिवस बोलला नाही. मग त्याने एक विजेचा हीटर आणला. जाऊबाईंनी त्याच्याकडे अलार्म बसवून दिला आणि त्या महिन्यात त्या फार खुशीत होत्या.

याच जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात, मोठं वादळ येणार असल्याचा इशारा झाला. आम्ही त्याच गल्लीत थोडं पुढे राहतो. जाऊबाईंनी आमचं घरसुद्धा आपल्या ताब्यात घेतलं. पन्हळी साफ झाल्या, अंगणातल्या खुर्च्या गॅरेजमध्ये गेल्या, टॉर्च, बॅटऱ्या, पाण्याचे कॅन, गुंडाळून ठेवलेल्या पोळ्या, सगळं तयार. वादळ आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या सगळ्या भागाची वीज गेली. आम्ही पांघरुणं घेऊन त्यांच्याकडे राहायला गेलो. घर बर्फासारखं झालं होतं. पुतणी म्हणाली, "आई, इट्स फ्रीझिंग! शेगडी पेटवून ठेवू या ना थोडा वेळ."

"शेगडी स्वयंपाकाला," जाऊबाई म्हणाल्या. "ऊब हवी तर माझ्याजवळ येऊन बस."

काडीने शेगडी पेटवून, खिडकी उघडी ठेवून त्यांनी सूप केलं आणि लगेच बंद केली. दुपारी पावसाचा जोर जरा ओसरल्यासारखा वाटला, तेव्हा त्यांनी थर्मास भरला. "रॉनला देऊन येऊ. चल गं."

मागच्या बाजूने गेलो. व्हरांड्यात जाऊबाई एकदम थांबल्या. तिथे कोपऱ्यात रॉनचा बार्बेक्यू कायम झाकलेला असायचा. झाकण जमिनीवर फडफडत होतं. बार्बेक्यू नव्हता. चाकांच्या ओल्या खुणा दारापर्यंत गेल्या होत्या, आणि दाराच्या फटीत आतून टॉवेल कोंबलेला होता.

जाऊबाईंच्या हातातून थर्मास पडला. त्यांनी दार जोर लावून सरकवलं. आत बैठकीच्या खोलीत बार्बेक्यूच्या निळ्या ज्योती शांतपणे जळत होत्या. खोली छान उबदार होती. खुर्चीत रॉन मान टाकून बसला होता, रेडिओवर वादळाच्या बातम्या चालू होत्या.

"ताई, वास तर काहीच येत नाहीये," मी म्हटलं.

"कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोच," त्या म्हणाल्या. "याच्यापुढे तुझं नाक आणि माझं नाक सारखंच. दार धरून ठेव, आत थांबू नकोस."

त्यांनी तोंडावर पदर धरल्यासारखी ओढणी धरली, कदाचित सवयीने, कारण त्याचा उपयोग नाही हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? आत जाऊन सिलिंडर बंद केला, आणि रॉनच्या काखेत हात घालून ओढायला लागल्या. मग मीही गेले नाही असं कसं होईल, गेलेच. दोघींनी मिळून त्याला कारपोर्टमध्ये, गाडीच्या उघड्या छपराखाली आणलं. त्याने डोळे किलकिले केले आणि जड जिभेने म्हणाला, "जस्ट अ हेडेक, लव्ह." मी अँब्युलन्सला फोन लावला. रस्त्यात झाडं पडली होती, त्यांना वेळ लागणार होता. आम्ही त्याला पांघरुणात गुंडाळून, पावसाच्या तुषारांत, उघड्या हवेत बसवून ठेवलं. जाऊबाई त्याचे हात चोळत होत्या आणि त्याला झोपू देत नव्हत्या. बायकोचं नाव विचारलं, ट्रक कुठला होता ते विचारलं, पर्थचा रस्ता कसा होता ते विचारलं. तो तुटक तुटक सांगत राहिला. अलार्म का वाजला नाही, ते मागून कळलं. वीज गेल्यावर त्याने त्यातल्या बॅटऱ्या काढून रेडिओत घातल्या होत्या.

रॉन वाचला. काही दिवस हॉस्पिटलमध्ये राहून घरी आला. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. गल्लीत जाऊबाईंचं फार कौतुक झालं. कुणी केक आणला, कुणी फुलं आणली. त्या मात्र गप्प गप्प झाल्या. दारात कुणी आलं तर नुसतंच "या" म्हणायच्या. भाऊजींनाच ते सहन होईना. ते आपणहून स्वयंपाकघरात जाऊन हुंगायचे आणि "काही नाही हं!" असं मोठ्याने सांगायचे.

एकदा दोघीच होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याचा हीटर मीच बंद करायला लावला."

"तो खराबच होता, ताई. काजळी सगळ्यांनी पाहिली."

"होता गं. पण सगळ्यांच्या टॉर्चच्या बॅटऱ्या मी तपासल्या, आणि म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते, एवढं मला सुचलं नाही."

पुढच्या शनिवारी त्या रॉनकडे दोन जाड रजया घेऊन गेल्या. त्याने त्यांना चहा करून दिला. बराच वेळ दोघं बसली होती. काय बोलली ते त्यांनी सांगितलं नाही, पण परत आल्या तेव्हा चेहरा जरा मोकळा होता.

हिवाळा सरता सरता त्यांनी मला एका दुपारी बोलावून घेतलं. त्यांची आई नागपूरला वारली तेव्हा त्यांना जाता आलं नव्हतं. बहिणीने आता आईची एक पांढरी साडी पाठवली होती, विहारात जाताना नेसायची ती. खोका उघडून पलंगावर ठेवलेला होता आणि जाऊबाई शेजारी बसल्या होत्या.

"सकाळपासून तोंडाशी धरून बसलेय," त्या म्हणाल्या. "नुसतं कापड लागतंय. तू सांग, कसला येतोय?"

मी घडी उलगडली आणि नाकाशी नेली. "डांबराच्या गोळ्यांचा," मी म्हटलं. त्या वाट बघत राहिल्या. मी पुन्हा धरली, पदराच्या टोकाशी, जिथे कापड जरा मऊ झालं होतं. "आणि त्याच्या खाली काहीतरी आहे. खोबरेल तेलासारखं."

"तेल नाही लावायची ती," जाऊबाई म्हणाल्या. "डोकं दुखायचं तिचं. बाम असेल."

मी डोळे मिटून परत एकदा खोल श्वास घेतला.

"हो ताई," मी म्हटलं, "बामच आहे."