पायाळूनं वाचलेली कादंबरी

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या उन्हाळ्यात आमच्या होस्टेलच्या टाक्या कोरड्या पडल्या आणि आम्हा मुलींना घरी पाठवलं. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेची पुस्तकं बॅगेत होतीच. वर मैत्रिणीनं एक जाडजूड इंग्रजी कादंबरी कोंबली. आफ्रिकेच्या धर्तीवर रचलेलं काल्पनिक राज्य, त्याचे देव, ढोल, लढाया.

आमचं गाव उदगीरजवळ. उदगीर जिल्हा होणार, अशी तेव्हा आवई होती. फाट्यावर अभिनंदनाचा फलकही लागला होता. त्याच्या सावलीत बायका टँकरची वाट बघत बसायच्या.

पहिली शंभरेक पानं मी अधाशासारखी वाचली. एरवी असल्या पुस्तकांत बर्फ आणि सफरचंदं. इथं ज्वारीची आंबील होती, भेगाळलेली माती होती, गुरं विकताना रडणारी माणसं होती. मी हरखून गेले. मग त्यातल्या मुलीचा जन्म आला. ती पायाकडून जन्मलेली, म्हणून पाऊस तिच्या हुकमात, म्हणून राजा तिला उचलून नेतो. तिला कुणी विचारतच नाही, आणि लेखिका मात्र ढोल बडवत सुटते. माझं डोकंच फिरलं. कारण मीही पायाळू.

पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात, आणि वीजही त्यालाच हुडकत येते म्हणतात. लहानपणी ढग गडगडले की आई मला ओढून घरात घ्यायची. आता ढगच नव्हते, म्हणून लोकांना पाण्याचं आठवलं.

काका म्हणाले, "आपली पायाळू घरीच हाय की! अनवाणी फिरवा तिला शेतात."

अप्पा उसळले. "लेक डॉक्टर होणार हाय माझी. असलं खूळ न्हाई चालायचं."

किती बरं वाटलं मला. पण विहिरीत पोहऱ्याला चिखल लागू लागला, तसे अप्पाच म्हणाले, "एकदा फिरून ये माय. आपलं काय जातंय?"

अर्धं गाव बांधावर जमलं. तळपाय भाजत होते. मला काही म्हणजे काही जाणवलं नाही, आणि मी तसं ओरडून सांगितलंही. लिंबापाशी काटा रुतला म्हणून थांबले.

"थांबली! हितंच!" काका ओरडले.

मी काटा काढून दाखवला. कुणी बघितलं नाही. तोवर खुणेला चुना पडलासुद्धा.

तिथं बोअरला पाणी लागलं. ज्यांना प्यायला थेंब नव्हता त्या बायका माझ्या पायांवर तांब्या ओतू लागल्या. त्या दिवसापासून मला त्या कादंबरीची भीती वाटू लागली. लिहिणाऱ्या बाईला माणसं चांगलीच ठाऊक होती. फक्त तिनं मुलगी खूश दाखवली, ते मी अजून माफ केलेलं नाही. शेवटची पानं वाचायचा धीर झाला नाही.

परीक्षा आठवड्यावर आली, होस्टेल उघडल्याचा निरोपही आला. सकाळी बॅग घेऊन ओसरीवर आले, तर दारात दोन जीपा. बोअरची बातमी ऐकून आलेली निलंग्याकडची माणसं. अप्पांनी त्यांना चहा दिला होता.

"माझी परीक्षा हाय," मी म्हणाले.

एक म्हातारा उठला आणि हात जोडून माझ्या पायांवर वाकला. अप्पांनी माझी बॅग उचलली. मला वाटलं, फाट्यावर सोडायला निघाले.

ते बॅग घेऊन आत गेले.