बसवलेला माणूस

पोलीस ठाण्याच्या शांतता समितीत मला घेतलं ते माझ्यात फार शांती दिसली म्हणून नव्हे. त्यांना एक महिला हवी होती, आणि माझं गणवेशाचं दुकान ठाण्यासमोरच असल्यामुळे निरोप धाडणं सोपं होतं. बैठका व्हायच्या गणपतीच्या आणि ईदच्या आधी. मिरवणूक कोणत्या रस्त्याने, डीजे कधी बंद, मग चहा, बिस्किटं, फोटो. त्या वर्षी मात्र यवतमाळच्या जिल्हा कार्यालयातून सांगणं आलं, की पोलिसांचं काम कसं सुधारावं याच्या सूचना नागरिकांकडूनच घ्या. एरवी माना डोलावणाऱ्यांना एकदम कंठ फुटला. वणीकडून येणारे कोळशाचे ट्रक गावातून नकोत, बसस्टँडवर शिपाई हवा, चौकात कॅमेरे हवेत.

बैठकीच्या आदल्या दिवशी दुकानात एक बाई आली. गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीवरची, आम्ही तिला बेडा म्हणतो. तिच्या मुलीचा गणवेश मीच शिवला होता. शिवारातले मोटारपंप चोरीला गेले होते आणि तिच्या नवऱ्याला ठाण्यात नेलं होतं.

"अटक केली का त्याले?" मी विचारलं.

"नाही जी. बसवलं म्हंतेत."

हा शब्द आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे. अटक झाली तर तिची नोंद होते, कोर्टापुढे उभं करावं लागतं. बसवलेल्याचं तसं काही नसतं. सोडेपर्यंत तो नुसता बसतो. चोरी कुठेही होवो, बेड्यावरचा कोणी ना कोणी बसतोच. पण या माणसाला कापसाच्या जिनिंग कारखान्यात चौकीदाराची नोकरी लागली होती, आयुष्यातली पहिली पक्की नोकरी. जिनिंगचे शेठही आमच्या समितीतच होते.

"काकू, हे काम गेलं का पुन्हा कोनी ठेवत नाही आमाले," ती म्हणाली. "तुमी त्या मिटिंगमंदी असता ना? मंग बोला ना जी."

तिने असं म्हटल्यावर गप्प राहणं माझ्याच्याने होणार नव्हतं. बैठकीत कॅमेऱ्यांचा विषय आटोपला तसं मी म्हटलं, "माझी सूचना लिहून घ्या. ज्याला बसवून ठेवता त्याची वेळ लिहा, त्याच्या घरी कळवा आणि उगाच अडकवून ठेवू नका."

सगळे चहाच्या कपात बघायला लागले. ठाणेदार तसा वाईट माणूस नव्हता. हसूनच म्हणाला, "मॅडम, बसवून ठेवणं असं कायद्यात काही नाहीच. जे नाही त्यावर सूचना कशी लिहायची? आम्ही चौकशीसाठी बोलावतो."

"बरोबर आहे," शेठ म्हणाले.

माझं डोकं तापलं. म्हटलं, "मग 'बोलावलेला' असंच लिहा. पण बोलावलेल्या माणसाला परतही जाता येतं. त्याला हवं तेव्हा उठून जाता येईल, तेही लिहा."

ठाणेदाराने थोडा वेळ पेन फिरवलं आणि लिहून घेतलं. त्याच दुपारी तिचा नवरा घरी गेला. शेठच्या मागे लागून मी त्याची नोकरीही टिकवली. "तुमच्या शब्दावर ठेवतो ताई," ते म्हणाले, "पन पुन्हा ठाण्याची भानगड नको." त्या दिवशी मी घरी शिरा केला, इतकी खूश होते.

कापसाचा हंगाम सुरू झाला आणि शिवारातून विजेची तार चोरीला गेली. दुकानातून मला तिचा नवरा ठाण्याच्या व्हरांड्यात दिसला, चौकीदाराच्या खाकी कपड्यांत. या वेळी त्याला आणायला कोणी गेलं नव्हतं. फोनवर बोलावलं आणि तो आपणहून आला होता. दुपार कलली, त्याच्या पाळीची वेळ होत आली, तरी तो तिथेच. मी दुकान तसंच टाकून रस्ता ओलांडला आणि सरळ ठाणेदारापुढे जाऊन उभी राहिले.

"मॅडम, आम्ही कुठे अडवलं?" तो शांतपणे म्हणाला. "तुमचीच सूचना आहे. त्याला जायचं तर जाऊ दे."

मी लढाई जिंकल्यासारखी बाहेर आले. "उठा दादा, जा कामावर. तुमाले जाता येते, सायबानं सांगतलं."

तो उठला नाही. दाराकडे बघून हळूच म्हणाला, "जाता येते, मले माहीत हाये काकू. पन आमच्यातला मानूस ठान्यातून उठून गेला त त्याले गेला नाही म्हनत. पळाला म्हंतेत. आन् पळालेल्याले मंग खरंच धरतेत."

ज्या वाक्यासाठी मी एवढी भांडले होते, ते या माणसासाठी नव्हतंच. ते माझ्यासारख्या बाईसाठी होतं, जिला कोणी कधी बसवणार नाही. फार लाज वाटली आणि त्याहून जास्त राग आला. तिथेच उभी राहून मी शेठना फोन लावला. म्हटलं, त्याला आज उशीर होईल, सांभाळून घ्या, तो ठाण्यात आहे.

"धरून ठेवलं का त्याले?" शेठनी विचारलं.

"नाही, तसं धरलं नाही."

"मंग ताई," ते म्हणाले, "ड्युटीवर काहून नाही आला?"