कडकबाई आणि फुकटचं ऊन

गल्लीनं कडकबाईंना हे नाव कपड्यांच्या खळीवरून दिलं की जिभेवरून, हे विचारायची छाती कुणाला झाली नाही. नवऱ्यामागे बावीस वर्षं त्यांनी लॉन्ड्री चालवली. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे टेबलक्लॉथ, शिवाय एका वकिलाचे एकसारखे दिसणारे एकवीस सदरे. पाणी तापवायला मागच्या अंगणात डिझेलचा बॉयलर होता. म्हातारपणी तो काम कमी आणि खोकला जास्त करू लागला. एक दिवस इस्पितळाच्या मेट्रननं चाळीस चादरी परत धाडल्या. गच्चीवर वाळताना प्रत्येकीवर काजळी बसलेली. सोबत चिठ्ठी: "आमचे रुग्ण आजारी आहेत, कोळशाच्या खाणीतून आलेले नाहीत."

बाईंना शब्दांत चीत करणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं होतं. त्या आधी पोटभर हसल्या, मग बॉयलरच्या नावानं बोटं मोडली.

तज्ज्ञ घरातच निघाले. दीर भूगोलाचे निवृत्त मास्तर. "वहिनी, पवनचक्की बसवा! वारा काय कुणाच्या बापाचा आहे?"

जावई सौर बंब विकायचे. "आई, ऊन फुकट. डोळे झाकून घ्या."

"डोळे झाकून फक्त तुम्हाला घेतलं, जावईबापू. आता उघडे ठेवते."

विकणाऱ्याला विचारून काही कळत नाही, रोज झाडणाऱ्या-पुसणाऱ्याला विचारावं, असं त्यांचं मत. म्हणून त्या स्वतः हिंडल्या. पवनचक्कीवाल्या कारखान्यात रखवालदार म्हणाला, "वारा सुटला की झोप जाते, वारा पडला की वीज जाते." गोठ्यावर शेणाच्या गॅसची टाकी सांभाळणारी बाई म्हणाली, "गॅस झकास. पण हे दुसरं सासर हो! रोज वेळेवर खायला घाला, थंडी पडली की रुसून बसतं." एका वसतिगृहाच्या गच्चीवर झाडूवाला सौर बंबांवरची कबुतरांची घाण खरवडत होता. "पाणी मस्त तापतं," तो म्हणाला, "पण ढग आले की वसतिगृहात एकही पोर आंघोळ करत नाही."

बाईंना झाडूवाल्याचं पटलं. पण जावयांनी काढलेल्या नकाशात सगळी गच्ची बंबांनी भरली होती.

"आणि चादरी कुठं वाळवू? तुमच्या टकलावर?"

दुसऱ्या दिवशी बाई खडू घेऊन गच्चीवर गेल्या आणि दर तासाला सावलीची कड आखत राहिल्या. शेजारच्या इमारतीमुळे पश्चिमेकडं दुपारनंतर ऊनच नव्हतं, वारा मात्र भणाणत होता. संध्याकाळी त्यांनी फर्मान काढलं: उन्हाकडं बंब, सावलीकडं दोऱ्या.

"म्हणजे माझा वारा बाद?" दीर हिरमुसले.

"बाद कसा, भावोजी? बावीस वर्षं तोच वापरतेय. चादरी मी काय फुंकून वाळवते?"

"आणि बॉयलर भंगारात ना?" जावयांनी विचारलं.

"नाही. ढग आले की तुमचं ऊन सासुरवाडीला जाणार. तेव्हा तो चालेल. त्या दिवसांत चादरी आत, पंख्याखाली वाळतात. खोकू दे त्याला अंगणात एकटा."

पहिल्याच महिन्यात सलग आठ दिवस आभाळ भरून राहिलं. बॉयलर धडधडला, डिझेल प्यायला, आणि जावई घरी जेवायला यायचे बंद झाले. बाईंनीच बोलावणं धाडलं. "या, ढगांचा राग तुमच्यावर काढणार नाही. जेवून मात्र कबुतरांची घाण काढा." जावई आले, जेवले आणि निमूटपणे झाडू घेऊन वर गेले. चादरी पांढऱ्या राहिल्या. मेट्रनची पुढची चिठ्ठी एका शब्दाची होती: "बरं." बाईंनी ती कपाटात जपून ठेवली.

उन्हाळ्यात पाणी नको इतकं तापू लागलं. काम आटोपल्यावर इस्त्री करणाऱ्या दोघी बायका कोमट पाण्याचं घमेलं भरून, दिवसभर उभं राहून सुजलेले पाय त्यात सोडून बसत. बाईंनी एकदा दारातून पाहिलं. दोघी दचकून उठायला लागल्या.

"बसा गं," बाई म्हणाल्या, "आणि जरा सरका." चपला काढून त्यांनीही पाय पाण्यात सोडले.