रांगेतली शेवटची फियाट

जुन्या मोटारी मिरवायला भर रविवारी रस्ता अडवायचा, ही चैन कुणाच्या जिवावर? असं पत्रक वाटत मी मोटारमालकांच्या क्लबाच्या दारात उभा होतो. आत जाताना सगळ्यांनी ते खिशात कोंबलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मात्र आपल्या फियाटला टेकून ते शेवटपर्यंत वाचलं.

"बराबर लिवलं, बेटा. पण यंदा एक डाव जाऊ दे."

आत रॅलीचा रस्ता ठरत होता; दारातून सगळं ऐकू येत होतं. आत गेलेल्या त्या फियाटवाल्या गृहस्थांनी पडेगावचा रस्ता सुचवला. त्यांची बायको तिथं वरच्या खिडकीत बसून असते, आता तिला जिना उतरवत नाही.

"चाचा, पडेगावात फोटो कशाचे काढायचे? म्हशींचे?" सेक्रेटरी म्हणाले. सगळे हसले. तेही हसले. चिकलठाण्याचा रुंद रस्ता ठरला.

मला चीड आली. ते बाहेर येताच म्हणालो, "गाडी तुमची, पेट्रोल तुमचं. यांना विचारता कशाला? न्या की घरावरून!"

बाहीनं बॉनेट पुसत ते म्हणाले, "एकटी गाडी तर ती रोजच बघती. तिला ही चारचौघींत बघायची व्हती."

रविवारी मी रॅलीच्या मैदानाबाहेर उभा होतो. फाटकातून एकेक गाडी डावीकडं, चिकलठाण्याकडं वळली. शेवटी त्यांची फियाट आली. खिडकीतून त्यांचा हात उजवीकडं, पडेगावच्या दिशेनं सरळ बाहेर निघाला. जरा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो आत घेतला आणि ते रांगेमागं गेले.

माझ्या हातात रस्ता मोकळा करा म्हणणारी पत्रकं होती. उजवीकडचा रस्ता मोकळाच होता.